वाचकांचे प्रश्न : पाच ई-मेल खाती आणि एकच खिडकी

प्रश्न : मी एका सार्वजनिक वाचनालयाची मानद कार्यवाह आहे. वाचनालयाचे स्वतःचे डोमेन असून त्यावरील ई-मेल एका होस्टिंग कंपनीकडे चालते. याखेरीज माझी दोन जीमेल खाती, एक आउटलुकचे खाते आणि भाषांतराच्या कामासाठी घेतलेल्या डोमेनवरील एक पत्ता, अशी पाच खाती मला रोज पाहावी लागतात. आजवर दोन्ही डोमेनवरील मेल मी जीमेलमध्ये ओढून घेत होते. ती सोय बंद होत असल्याचे कळले. लहानसा सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर वेबमेल बसवावे, असे माझ्या मुलाचे म्हणणे आहे. हे मला जमेल का, आणि कोणते सॉफ्टवेअर निवडावे? — एक वाचिका, सांगली

उत्तर : आपल्याला कळलेली माहिती बरोबर आहे. दुसऱ्या कंपनीच्या खात्यात ठरावीक वेळाने डोकावून तेथील मेल पॉप या जुन्या पद्धतीने उचलून आणण्याची जीमेलमधील सोय जानेवारी 2026 पासून बंद करण्याचे गूगलने जाहीर केले. आपली त्यामुळे अडचण झाली हे खरे, पण आपण एका संस्थेच्या कार्यवाह आहात, आणि त्या नात्याने पाहिले तर ही सोय गेली याचे मला वाईट वाटत नाही. पॉपने मेल ओढली म्हणजे वाचनालयाचा पत्रव्यवहार आपल्या खासगी खात्यात येऊन पडतो. एका संस्थेत मी याचा परिणाम जवळून पाहिला आहे. तेथील जुने कार्यवाह अचानक वारले, आणि अनुदानाविषयीचा सात वर्षांचा पत्रव्यवहार त्यांच्या वैयक्तिक खात्यात अडकून पडला. संस्थेच्या पत्त्यावरील इनबॉक्स उघडला, तर तो जवळजवळ रिकामा होता, कारण मेल उचलल्यानंतर मूळ प्रत पुसली जावी अशीच मांडणी कोणीतरी कधीकाळी करून ठेवली होती. घरच्यांकडे पासवर्ड मागायला जाण्याची वेळ समितीवर आली. ती वेळ कोणत्याही संस्थेवर येऊ नये असे मला मनापासून वाटते.

म्हणून सॉफ्टवेअर निवडण्याआधी एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. वेबमेल, म्हणजे ब्राउझरमधून मेल पाहण्याचे सॉफ्टवेअर, हे टपाल कार्यालय नव्हे, ती त्याची केवळ खिडकी आहे. आपण स्वतःच्या सर्व्हरवर वेबमेल बसवले, तरी वाचनालयाची मेल होस्टिंग कंपनीकडेच राहील आणि जीमेलची गूगलकडेच राहील; आपला सर्व्हर फक्त आयमॅप या पद्धतीने ती पाहून आपल्याला दाखवील. आयमॅपची कल्पना मार्क क्रिस्पिन यांनी 1986 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात मांडली, ती मेल सर्व्हरवरच राहावी आणि पाहणाऱ्याने ती कोठूनही पाहावी यासाठीच. स्वतःचा संपूर्ण मेल सर्व्हर चालवणे हे वेगळे आणि बरेच कष्टाचे काम आहे; मुलगा ‘सर्व्हर’ म्हणतो तेव्हा त्याच्या मनात यांपैकी काय आहे, ते विचारून घ्यावे. आपल्याला हवी आहे ती खिडकी, आणि ती निश्चित जमण्यासारखी आहे.

आता निवडीचे पाहू. सर्वांत परिचित नाव राउंडक्यूबचे. 2005 पासून त्याचा विकास चालू आहे, अनेक होस्टिंग कंपन्या तेच देतात, आणि आपल्या वाचनालयाच्या होस्टिंगवरही बहुधा ते असेलच. परंतु राउंडक्यूबची मूळ रचना एका लॉगिनला एक खाते अशी आहे. त्यात ‘ओळखी’ कितीही जोडता येतात, पण ओळख जोडल्याने फक्त पाठवणाऱ्याचा पत्ता बदलतो, दुसऱ्या खात्याची मेल दिसू लागत नाही. त्यासाठी इतरांनी लिहिलेली प्लगइन, म्हणजे जोडसॉफ्टवेअर, बसवावी लागतात. स्नॅपीमेल हे जुन्या रेनलूपपासून फुटून निघालेले सॉफ्टवेअर आहे. त्याला डेटाबेसही लागत नाही आणि एका लॉगिनखाली आणखी खाती जोडून एका टिचकीने एकातून दुसऱ्यात जाता येते, मात्र सगळ्या खात्यांचा एकत्र इनबॉक्स ते दाखवत नाही. रेनलूप स्वतः आता कोणी बसवू नये. 2022 मध्ये त्यातील एक गंभीर दोष उजेडात आला, तेव्हाच त्याची देखभाल जवळजवळ थांबलेली होती. स्नॅपीमेल घेणार असाल, तर त्याचीही शेवटची आवृत्ती कधी निघाली ते आधी पाहावे, आणि बराच काळ नवे काही आलेले नसेल तर दुसरे निवडावे. ज्यांच्याकडे फाइली स्वतःच्या सर्व्हरवर ठेवण्याचे नेक्स्टक्लाउड आधीपासून चालते आहे, त्यांना त्यातील मेल हे अॅप पुरते. सर्व इनबॉक्स एकत्र पाहण्याची सोय त्यात आहे. पण केवळ मेलसाठी एवढा मोठा पसारा मांडू नये.

आपल्यासाठी मी साइफ्ट सुचवीन. अनेक खाती एकत्र पाहणे हाच त्याचा मूळ हेतू आहे. सर्व खात्यांतील न वाचलेली मेल एका यादीत, तारांकित मेल दुसऱ्या यादीत, आणि हवे तेव्हा प्रत्येक खात्याचे फोल्डर स्वतंत्रपणे, अशी त्याची मांडणी असते. प्रत्येक पत्त्यासाठी एक ‘प्रोफाइल’ करून त्या पत्त्याची मेल कोणत्या सर्व्हरवरून बाहेर पडावी आणि खाली कोणती सही यावी, हेही ठरवता येते. दिसायला ते थोडे रुक्ष आहे. शिवाय त्याची एक सवय सुरुवातीला त्रास देते : खाते जोडले किंवा मांडणी बदलली, तरी तो बदल तेवढ्या बैठकीपुरताच असतो, म्हणून बाहेर पडताना ‘जतन करून बाहेर पडा’ हाच पर्याय निवडावा लागतो. पहिल्या दिवशी पाचही खाती कष्टाने जोडून नुसतेच बाहेर पडलेल्या व्यक्तीला दुसऱ्या दिवशी कोरा पडदा दिसतो, आणि सॉफ्टवेअर बिघडले असा तिचा समज होतो. पाच खात्यांसाठी एक जीबी मेमरीचे भाड्याचे यंत्र पुरेसे आहे.

एक काम मात्र त्याआधी करावे. आजवर जीमेलमध्ये ओढून आणलेली वाचनालयाची मेल परत वाचनालयाच्या खात्यात ठेवावी. जीमेलमध्ये वाचनालयाच्या पत्त्यावर आलेली आणि त्या पत्त्यावरून गेलेली मेल शोधून तिला एक लेबल द्यावे. ते लेबल आयमॅपला फोल्डरसारखे दिसते. मग आयमॅपसिंक या साधनाने तेवढाच फोल्डर वाचनालयाच्या खात्यात उतरवावा. त्यात ‘ड्राय’ नावाचा पर्याय आहे, तो दिला की प्रत्यक्ष काही न हलवता काय काय हलेल ते दिसते. पहिली फेरी तशीच करावी. गूगल आयमॅपवरून दिवसाला सुमारे 2,500 एमबीच उतरवू देते, तेव्हा साठा मोठा असेल तर काम दोन-तीन दिवस चालेल. होस्टिंगवर जागा किती शिल्लक आहे, तेही आधी पाहावे. एकदा हे झाले की पुढच्या कार्यवाहांकडे पदभार सोपवताना आपल्याला फक्त पासवर्ड बदलून द्यावा लागेल, दप्तर जागच्या जागीच असेल.

प्रश्न : साइफ्ट बसवले आहे. जीमेलचा पासवर्ड ब्राउझरमध्ये चालतो, पण येथे तोच नाकारला जातो. आउटलुकचे खाते तर काही केल्या जोडता येत नाही. — एक वाचक, नाशिक

उत्तर : दोन्ही अडचणींचे मूळ एकच आहे. नेहमीचा पासवर्ड तिसऱ्याच सॉफ्टवेअरच्या हाती देणे या कंपन्यांनी बंद केले आहे. गूगलने 30 मे 2022 पासून वैयक्तिक खात्यांसाठी ही वाट बंद केली. जीमेलपुरता सोपा उपाय आहे : खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी चालू करावी आणि मग ‘अॅप पासवर्ड’ तयार करावा. गूगल तो सोळा अक्षरांचा, चार-चारच्या गटांत देते. मधल्या मोकळ्या जागा सोडून तो साइफ्टमध्ये भरावा. हा पासवर्ड फक्त एकदाच दिसतो, तेव्हा लगेच भरून टाकावा. गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला की सगळे अॅप पासवर्ड रद्द होतात, हेही लक्षात असू द्यावे. पुढे कधी जीमेल अचानक दिसेनाशी झाली, तर आधी तेच तपासावे. अॅप पासवर्डचा आणखी एक फायदा मला महत्त्वाचा वाटतो. सर्व्हरवर काही गडबड झाल्याची शंका आली, तर मुख्य पासवर्डाला हात न लावता तेवढा एकच रद्द करता येतो.

आउटलुकचे प्रकरण अधिक किचकट आहे. मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक खात्यांसाठी पासवर्डाची ही जुनी पद्धत 16 सप्टेंबर 2024 रोजी बंद केली, आणि आता तेथे ओऑथ हाच मार्ग आहे. ओऑथमध्ये आपण मायक्रोसॉफ्टच्या पानावर लॉगिन करतो आणि मायक्रोसॉफ्ट साइफ्टला पासवर्डाऐवजी एक मुदतीचा परवाना देते. त्यासाठी आपले साइफ्ट हे एक ‘अॅप’ म्हणून मायक्रोसॉफ्टकडे नोंदवावे लागते, तेथून मिळणारा ओळख क्रमांक आणि गुप्त संकेत साइफ्टच्या मांडणीत भरावा लागतो, आणि लॉगिननंतर परत साइफ्टकडे आणणारा वेब-पत्ता दोन्हीकडे अक्षरशः सारखा असावा लागतो. शेवटी एक तिरपी रेघ कमी-जास्त झाली तरी नकार येतो. त्या गुप्त संकेतालाही मुदत असते, ती जास्तीत जास्त चोवीस महिन्यांची. ही तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवावी, कारण मुदत संपली की सांगायला कोणी येत नाही, फक्त मेल यायची थांबते. आउटलुकच्या खात्यावर आठवड्याला दोन-चारच पत्रे येत असतील, तर एवढा खटाटोप न करता ते त्याच्या मूळ पानावरच पाहावे, असे मी सांगेन.

प्रश्न : पणजीजवळ आमचे लहानसे होमस्टे आहे. मी राउंडक्यूबमध्ये आरक्षण, हिशोब आणि खासगी, अशा तीन पत्त्यांच्या ओळखी जोडल्या आहेत. आरक्षणाच्या पत्त्यावरून दिलेली उत्तरे पाहुण्यांच्या स्पॅममध्ये जातात. खासगी पत्त्यावरून लिहिले की तसे होत नाही. असे का? — एक वाचक, गोवा

उत्तर : आपण पत्राच्या वर पाठवणाऱ्याचे नाव बदलता, पण पत्र त्याच एका टपाल कार्यालयातून टाकता. राउंडक्यूबमधील ओळख म्हणजे निव्वळ वरचे नाव. तिन्ही पत्त्यांची मेल आपण ज्या खात्याने लॉगिन केले आहे त्या, म्हणजे आपल्या खासगी खात्याच्या सर्व्हरवरूनच बाहेर पडते. पाहुण्याच्या बाजूचा सर्व्हर मग तीन गोष्टी तपासतो. ज्या सर्व्हरने मेल आणली, त्याला त्या डोमेनच्या वतीने मेल पाठवण्याची मुभा डोमेनच्या मालकाने दिली आहे का, हे डोमेनच्या सार्वजनिक नोंदींतील एसपीएफची नोंद सांगते. मेलवर डोमेनची सांकेतिक सही आहे का आणि वाटेत मजकूर बदलला का, हे डीकेआयएम सांगते. या दोहोंपैकी किमान एक तपासणी, वर दिसणाऱ्या पत्त्याच्याच डोमेनसाठी उत्तीर्ण झाली का, आणि झाली नसेल तर मेलचे काय करावे, हे डीमार्क सांगते. आपल्या आरक्षणाच्या मेलवर खासगी खात्याच्या डोमेनची सही असेल, आणि ती अगदी अस्सलही असेल, पण ती आरक्षणाच्या डोमेनची नाही. फेब्रुवारी 2024 पासून गूगल आणि याहू यांनी हे नियम कडक केले, त्यामुळे आधी चालून जाणारी मेलही नंतर अडू लागली.

हे डोळ्यांनी पाहता येते. आरक्षणाच्या पत्त्यावरून स्वतःच्याच एखाद्या जीमेल खात्यावर मेल पाठवावी, ती उघडून उजवीकडच्या तीन ठिपक्यांखाली मेलचे मूळ स्वरूप दाखवणारा पर्याय निवडावा. वरच्याच चौकटीत या तिन्ही तपासण्यांचा निकाल लिहिलेला असतो. त्याखालच्या लांबलचक मजकुरात, घाबरून न जाता, फक्त डीकेआयएमची ओळ शोधावी आणि तेथे कोणत्या डोमेनचे नाव आहे ते पाहावे. ते आपल्या आरक्षणाच्या डोमेनचे नसेल, तर रोगाचे निदान झाले.

उपाय असा की प्रत्येक पत्त्याची मेल त्याच्याच सर्व्हरवरून, त्याच्याच नावाने लॉगिन करून बाहेर पडली पाहिजे. राउंडक्यूबसाठी आयडेंट-स्विच नावाचे प्लगइन आहे; त्यात प्रत्येक ओळखीला तिचा मेल पाहण्याचा (आयमॅप) आणि पाठवण्याचा (एसएमटीपी) सर्व्हर वेगळा देता येतो. पाठवण्यासाठी पोर्ट, म्हणजे सर्व्हरच्या दाराचा क्रमांक, 465 किंवा 587 वापरावे; 25 हे पोर्ट एका सर्व्हरने दुसऱ्याला मेल देण्यासाठी असते, त्याच्या वाटेला जाऊ नये. तिन्ही पत्ते आपल्याला रोज लागणार असतील, तर प्लगइनवर अवलंबून राहण्यापेक्षा मूळ रचनेतच अनेक खाती असलेले सॉफ्टवेअर घेणे मला अधिक पसंत आहे, कारण राउंडक्यूबची आवृत्ती पुढे जाते आणि प्लगइन मागे राहते.

काही ओळखीचे लोक आपल्याला दुसरा मार्ग सुचवतील : आरक्षणाच्या डोमेनच्या एसपीएफ नोंदीत दुसरा सर्व्हरही घालावा. डोमेन आपलेच असल्याने ते शक्य आहे, मात्र त्यासाठी एसपीएफची दुसरी नोंद करू नये. एका डोमेनला एसपीएफची एकच नोंद चालते. दोन आढळल्या तर तपासणारा सर्व्हर दोन्ही बाद ठरवतो, आणि आज जी मेल नीट पोहोचते आहे तीही अडू लागते. असलेल्या नोंदीतच भर घालावी. ती नोंद तपासताना इतर नोंदींसाठी करावी लागणारी विचारणाही दहापेक्षा जास्त वेळा व्हायला नको, ही मर्यादा आहे. जीमेलच्या सर्व्हरवरून दुसऱ्या पत्त्याने पाठवू पाहणाऱ्यांनी हेही जाणून असावे, की तो पत्ता जीमेलमध्ये आधी नोंदवून पडताळलेला नसेल, तर जीमेल वरचा पत्ता गुपचूप बदलून खात्याचाच पत्ता घालते. पाहुण्याला मग आरक्षणाचे उत्तर आपल्या खासगी नावाने जाते, आणि तो पुढची सगळी पत्रे तेथेच पाठवू लागतो.

प्रश्न : घरात एक जुना डेस्कटॉप पडून आहे. त्यावरच वेबमेल चालवले तर चालेल का? आणि ते सुरक्षित राहील का? — एक वाचक, ठाणे

उत्तर : यंत्र म्हणून चालेल. घरच्या जोडणीची अडचण वेगळी असते. आपल्याकडील बऱ्याच इंटरनेट कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून थेट आपल्या घरातल्या यंत्रापर्यंत पोहोचता येत नाही. जादा पैसे भरून स्थिर पत्ता घेता येतो. पण मी तसे करायला सांगणार नाही. वायरगार्डसारखे व्हीपीएन, म्हणजे ठरावीक यंत्रांपुरती खासगी वाट, मधल्या एखाद्या लहान भाड्याच्या यंत्रामार्फत लावून, फक्त आपला फोन आणि आपला लॅपटॉप यांनाच आत येऊ द्यावे. वेबमेल साऱ्या जगाला दिसण्याची गरज कोणाला आहे? ते वापरणारे आपण एकटे आहात.

सुरक्षिततेविषयी मला गांभीर्याने सांगायचे आहे. पाच खाती एका ठिकाणी जोडणे म्हणजे पाच घरांच्या किल्ल्या एकाच खुंटीला टांगणे होय. ऑक्टोबर 2023 मध्ये राउंडक्यूबमधील एका दोषाचा प्रत्यक्ष गैरफायदा घेतला जात असल्याचे ईसेट या सुरक्षा कंपनीच्या लक्षात आले. विशिष्ट प्रकारे रचलेली मेल ब्राउझरमध्ये नुसती उघडली, तरी हल्लेखोराचे काम होत असे. जून 2025 मध्ये त्याहून मोठा दोष जाहीर झाला, तो जवळपास दहा वर्षे त्या सॉफ्टवेअरमध्ये होता. कोणत्याही एका खात्याचे लॉगिन हाती असेल, तर त्याच्या आधारे सर्व्हरवर हवी ती आज्ञा चालवता येत होती. 1.6.11 आणि 1.5.10 या आवृत्त्यांत तो दुरुस्त झाला, पण दुरुस्ती निघणे आणि ती आपल्या यंत्रावर बसणे यांत अंतर असते. राउंडक्यूब वाईट आहे, असे मी म्हणत नाही. त्याची देखभाल नीट होते म्हणूनच दोष सापडतात आणि दुरुस्त होतात. महिन्यातून किमान एकदा नवी आवृत्ती आली का ते पाहून बसवण्याची सवय आपल्याला लागणार नसेल, तर मात्र स्वतःचे वेबमेल चालवू नये. होस्टिंग कंपनी देते तेच वापरावे. हे मी परावृत्त करण्यासाठी लिहीत नाही, ज्यांना ही सवय आहे त्यांना हे काम मुळीच जड नाही.

बसवून झाल्यावर इन्स्टॉलरचा फोल्डर काढून टाकावा, तो तसाच राहिलेला मी अनेकदा पाहिला आहे. जोडणी सांकेतिक ठेवणारे लेट्स एन्क्रिप्टचे प्रमाणपत्र फुकट मिळते, त्याची मुदत संपण्याआधी ते आपोआप नवे होते ना, याची खात्री करावी. राउंडक्यूबच्या मांडणीच्या फाइलमध्ये चोवीस अक्षरांची एक किल्ली असते, तिने पासवर्ड सांकेतिक करून ठेवले जातात. नमुन्यातील किल्ली तशीच ठेवू नये, स्वतःची घालावी आणि बॅकअपपासून वेगळ्या जागी जपावी. बॅकअप घेताना हे ध्यानात असावे, की वेबमेलच्या बॅकअपमध्ये फक्त पत्तापुस्तक, ओळखी आणि मांडणी येते. मेलचा बॅकअप वेगळा, आयमॅपवरून मेलची प्रत यंत्रावर उतरवणाऱ्या एमबीसिंकसारख्या साधनाने घ्यावा लागतो. आपला जुना डेस्कटॉप खरा उपयोगी पडेल तो याच कामाला : वेबमेल भाड्याच्या यंत्रावर आणि पाचही खात्यांची प्रत रोज रात्री घरातल्या डेस्कटॉपवर.

प्रश्न : माझ्या जीमेलची भाषा मराठी आहे. एमबीसिंकने बॅकअप घेतला तर काही फोल्डरांची नावे अगम्य अक्षरांची दिसतात, आणि बॅकअपचा आकारही अपेक्षेच्या जवळजवळ दुप्पट झाला. — एक वाचिका, इंदूर

उत्तर : नावे बिघडलेली नाहीत. खात्याची भाषा मराठी असली की जीमेल आयमॅपमध्येही फोल्डरांची नावे मराठीत देते, आणि जुन्या आयमॅपमध्ये देवनागरी नावे अँपरसँडने (&) सुरू होऊन आडव्या रेघेने संपणाऱ्या इंग्रजी अक्षरांत गुंडाळून पाठवली जातात. वेबमेल ती उलगडून दाखवते, एमबीसिंकची जुनी आवृत्ती डिस्कवर ती तशीच लिहिते. वाचायला त्रास होत असेल, तर जीमेलची भाषा इंग्रजी करावी, मात्र ती बदलल्यावर बॅकअप नव्या नावांनी पुन्हा पहिल्यापासून सुरू होईल. आकार दुप्पट होण्याचे कारण, जीमेलमध्ये एकच मेल इनबॉक्समध्येही दिसते आणि सर्व मेलच्या फोल्डरमध्येही. बॅकअपसाठी फक्त सर्व मेलचा फोल्डर घ्यावा. स्पॅम आणि कचरापेटी सोडून बाकी सारे त्यात येते.